वाटेत भेटलेल्या माणसाला किती वेळ?



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो, ते भूगोल शिकवायचे. नकाशा उघडला की आधी आपलं गाव शोधा आणि मग जगाकडे वळा, असा त्यांचा शिरस्ता होता, हे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलं आहे. आजचा विषय आहे परदेशी माणसाच्या भारतातल्या प्रवासावरचे संथ चित्रपट. त्यांच्या शिरस्त्याला धरून मीही सुरुवात पिंपरी-चिंचवडमधल्या आपल्या रहाटणीतूनच करतो.

इथून कोकणे चौकातून बाहेर पडायचं, पिंपळे सौदागर मागे टाकून नाशिक फाटा गाठायचा. पुढे भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चाकण. तळेगाव चौकातली कोंडी सुटली की राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे जुन्नर. तुमच्यातले कितीतरी जण या रस्त्याचा अर्धा भाग रोज कंपनीच्या बसमधून तुडवतात. सकाळच्या पाळीला जाताना डोळा लागलेला असतो आणि परत येताना अंधार झालेला असतो. याच रस्त्याच्या शेवटच्या टोकाला, जुन्नरमध्ये, साडेपाचशे वर्षांपूर्वी एक रशियन व्यापारी घोडा घेऊन आला होता आणि पावसामुळे तिथेच अडकला होता. अफनासी निकितिन त्याचं नाव. गाव त्वेर, व्होल्गेच्या काठचं.

वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. निकितिन त्याच्या आधी पाव शतकाहून अधिक काळ, १४६९ च्या आसपास, चौलच्या बंदरात उतरला. तो जिंकायला किंवा धर्म पसरवायला आलेला नव्हता. वाटेत अस्त्रखानजवळ त्याला लुटलं होतं, घरी कर्ज होतं, आणि हिंदुस्थानात घोड्यांना सोन्याचा भाव येतो असं त्याने ऐकलं होतं. म्हणून होर्मुझहून एक घोडा जहाजात घालून तो आला. तो घोडा जुन्नरपर्यंत आणायला आपल्याला शंभर रूबल पडले, हे तो न विसरता लिहून ठेवतो. चौलहून पालीपर्यंत आठ दिवस, तिथून उमरीपर्यंत दहा दिवस, पुढे जुन्नरपर्यंत आणखी काही दिवस, अशी त्याच्या टिपणात नोंद आहे. आज हे अंतर एका दिवसात सहज उरकतं. त्याला तीन आठवड्यांहून जास्त लागले.

चौलला पाऊल ठेवल्यावर त्याने काय लिहिलं, ते मला फार मोलाचं वाटतं. लोक अंगावर फारसे कपडे घालत नाहीत, बायका वेण्या घालतात, असं सगळं तो लिहितो आणि लगेच सांगतो की मी जिथे जातो तिथे माझ्यामागे माणसांची रांग लागते, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं. बघायला आलेला माणूस स्वतःच बघण्याची वस्तू झाला आणि ते त्याने मोकळेपणाने नोंदवून ठेवलं. परदेशी प्रवाशाच्या चित्रपटात मी सगळ्यात आधी हेच शोधतो. रस्त्यावरची माणसं उलट त्याच्याकडे बघताना दिसतात का?

जुन्नरला पाऊस लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. परदेशी व्यापाऱ्यांच्या उताऱ्यांवर बायका स्वयंपाक करून घालत. घोड्यांना हरभरा घालतात आणि खिचडी शिजवून देतात, हे त्याने टिपून ठेवलं. याच दिवसांत लोक नांगरतात आणि गहू, भात, हरभरा पेरतात, असंही त्याने लिहिलं. जुन्नरकडचा कुणी शेतकरी आज सभेत असेल तर तो लगेच म्हणेल, गहू आणि हरभरा पावसाळ्यात कोण पेरतो? बरोबर आहे. पण पाऊस ओसरल्यावरही तो हिंदुस्थानातच होता, त्यामुळे खरीप आणि रब्बी दोन्हींच्या पेरण्या त्याच्या आठवणीत एकत्र झाल्या असाव्यात. घाईने गेलेल्या प्रवाशाच्या हातून अशी चूक झाली नसती, कारण त्याला एकच हंगाम दिसला असता.

तिथेच त्याच्यावर मोठं संकट आलं. जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही हे कळल्यावर त्याने अट घातली की धर्म बदल, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. विचाराला चार दिवस. खुरासानहून आलेल्या महंमद नावाच्या एका ओळखीच्या माणसाने शब्द टाकला आणि घोडा परत मिळाला. पुढे तो बिदरला गेला, सुलतानाची हत्तींची मिरवणूक पाहिली, आणि तिथल्या हिंदू मंडळींना आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे सांगितलं. त्यानंतर ते आपलं जेवण, आपली पूजा, आपल्या घरच्या बायका माझ्यापासून लपवेनासे झाले, असं तो लिहितो. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेलाही जाऊन आला. परतीची बोट त्याने दाभोळला पकडली आणि त्वेरला पोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ त्याचं निधन झालं. मागे राहिलेल्या टिपणांना तीन समुद्रांपलीकडच्या प्रवासाचं नाव मिळालं. चौललगतच्या रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. पुढच्या वेळी अलिबागला गेलात तर थोडी वाट वाकडी करून ते जरूर बघा.

या माणसावर १९५७ मध्ये चित्रपट निघाला. हिंदीत 'परदेसी'. ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन या दोघांनी मिळून तो केला. भारत आणि सोविएत संघ यांच्या एकत्र निर्मितीचा तो पहिला चित्रपट. ओलेग स्त्रिझेनोव्ह निकितिन झाला, सोबत नर्गिस, पद्मिनी, बलराज साहनी, आणि बहमनी वजीर महमूद गवानच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर. १९५८ मध्ये तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. अनिल विश्वासांच्या संगीतात मीना कपूर यांनी गायलेलं त्यातलं एक गाणं आजही जुन्या गाण्यांच्या मैफलीत ऐकू येतं. मला हा चित्रपट आवडतो, पण त्याला मैत्रीचा निरोप पोचवायची घाई आहे. ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन १९५५ मध्ये भारतात येऊन गेले होते, हिंदी-रूसी भाईभाईचे दिवस होते. त्यामुळे निकितिनला प्रेम मिळालं, गाणी मिळाली, दिलदार सोबती मिळाले. टिपणातला खरा निकितिन घोड्याच्या खर्चाची चिंता करतो, आपले सण कोणत्या तारखेला येतात हे विसरल्याबद्दल कासावीस होतो, आणि चिखलात दोन महिने बसून राहतो. त्याचा चित्रपट अजून व्हायचा आहे.

आता तीस-बत्तीस वर्षं पुढे येऊ. अंतोनियो ताबुक्की हे इटालियन लेखक, पोर्तुगीज साहित्याचे प्राध्यापक. त्यांची 'नोत्तुर्नो इंदियानो' ही छोटी कादंबरी १९८४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून फ्रेंच दिग्दर्शक आलँ कोर्नो यांनी १९८९ मध्ये 'नोक्तुर्न अँदियाँ' केला. एका हरवलेल्या मित्राच्या शोधात एक युरोपियन माणूस मुंबईत येतो, तिथून मद्रासला जातो, मग गोव्याला. मित्राचं नाव झेवियर. शोध पुढे सरकतो तसा प्रेक्षकाला संशय येऊ लागतो की हा दुसऱ्या कुणाला शोधतोय की स्वतःलाच. चित्रपटातली घटना एवढीच आहे. ज्याँ-युग आंग्लाद हा नट बराच वेळ गप्प बसून समोरच्याचं ऐकत असतो. छायाचित्रणासाठी इव्ह आंजेलो यांना फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. रात्र, पंख्याखालची खोली, खिडकीतून आत येणारा रस्त्याचा उजेड, एवढ्यावर त्यांनी मुंबई उभी केली.

संगीतासाठी कोर्नो यांनी सतारीला हात लावला नाही, यासाठी मी त्यांना मनापासून मानतो. भारत दाखवायचा म्हणजे मागे सतार वाजलीच पाहिजे, असा परदेशी चित्रपटांचा जुना खाक्या होता. कोर्नो यांनी शूबर्टचं १८२८ मधलं तंतुवाद्यांचं पंचक घेतलं. शूबर्ट यांनी ते मृत्यूच्या काही आठवडे आधी रचलं होतं. त्यातला संथ भाग ऐकू आला की आपल्याला कळतं, हे प्रवाशाचं मन वाजतं आहे, मुंबई नव्हे. आपलं मन त्याने मुंबईवर लादलं नाही. हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे.

ताबुक्कींच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच प्रवासातल्या ठिकाणांची यादी आहे. शुक्लाजी स्ट्रीटवरचं हॉटेल, ब्रीच कँडी रुग्णालय, ताजमहाल हॉटेल, व्हिक्टोरिया टर्मिनसच्या विश्रांतीच्या खोल्या, मद्रासचं थिऑसॉफिकल सोसायटीचं आवार, मंगळूरच्या वाटेवरचा बसथांबा, जुनं गोवं, वास्को, कळंगुट, पणजीचं मांडवी हॉटेल, बोगमाळो वगैरे. एकूण बारा ठिकाणं. आग्रा नाही, बनारसचे घाट नाहीत, राजस्थानचे किल्ले नाहीत. प्रवाशाला जिथे झोपायला मिळतं, जिथे थांबावं लागतं, तीच ठिकाणं. संथ चित्रपटाची माझी व्याख्या या यादीतून तयार झाली. तो थांबण्याच्या जागांचा चित्रपट असतो.

त्यातले दोन थांबे सविस्तर सांगतो.

पहिला व्हीटीच्या विश्रांतीच्या खोलीचा. कादंबरीत रात्री अंधारात शेजारच्या पलंगावर एक माणूस आहे. तो जैन आहे आणि शेवटच्या प्रवासासाठी वाराणसीला निघाला आहे. दोघे एकमेकांचा चेहरा नीट न पाहता बोलतात. आपण या शरीरांच्या आत काय करत असतो, असा प्रश्न निघतो, आणि कदाचित त्यांतून प्रवास करत असू, असं काहीसं उत्तर येतं. पहाटे एक गाडी एकाला नेते, दुसरी दुसऱ्याला. त्या माणसाचं पुढे काय झालं, ते कळत नाही. व्हीटीला रात्र काढलेली माणसं या सभागृहात नक्की असतील. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून नोकरीसाठी निघालेल्या माणसाने फलाटावर काढलेली पहिली रात्र आणि शेजारी वर्तमानपत्र पसरून पडलेल्या अनोळखी माणसाशी केलेल्या गप्पा. त्या गप्पा आयुष्यभर आठवतात. ताबुक्की यांना त्या रात्रीची जात कळली होती.

दुसरा थांबा मंगळूरच्या वाटेवरचा, मूडबिद्रीजवळचा. बस थांबते आणि एक मुलगा खांद्यावर आपल्या अपंग भावाला घेऊन उभा असतो. हा भाऊ भविष्य सांगतो. प्रवासी त्याला आपलं भविष्य विचारतो. तो बराच वेळ त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो की मला काही सांगता येत नाही, कारण जो समोर दिसतो तो इथे नाहीच, याचा आत्मा दुसरीकडे आहे. परदेशी चित्रपटांत असा प्रसंग म्हणजे बहुतेक वेळा पूर्वेच्या गूढतेची जाहिरात असते. इथे मात्र उलट घडतं. हिंदुस्थानात येऊन गूढ शोधणाऱ्या माणसाला हिंदुस्थान सांगतो की न कळण्यासारखा तूच आहेस. निकितिनच्या मागे लागलेली चौलची रांग मला इथे पुन्हा दिसते.

शेवटी गोव्याच्या हॉटेलात क्रिस्तिन नावाची छायाचित्रकार भेटते. ती आपल्या एका छायाचित्राची गोष्ट सांगते. एका तरुणाने दोन्ही हात वर केलेले, जणू शर्यत जिंकली. मग तेच छायाचित्र पूर्ण दाखवलं की कळतं, बाजूला बंदूक रोखलेला पोलीस आहे आणि त्या तरुणाला गोळी लागली आहे. चौकट लहान केली की मृत्यू विजयासारखा दिसतो. आपला देश दाखवणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला, परदेशी असो वा देशी, हा इशारा लागू आहे.

हाच इशारा मी ताबुक्की आणि कोर्नो यांनाही लागू करतो. कादंबरीतली मुंबई १९८४ च्या आधीची. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला होता आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. शुक्लाजी स्ट्रीटपासून भायखळा आणि लालबाग किती लांब आहे? चालत जाता येतं. पण त्या बारा ठिकाणांत गिरणगाव नाही. प्रवासी ज्यांच्याशी लांब बोलतो ते डॉक्टर आहेत, तत्त्वज्ञ आहेत, पाद्री आहेत, म्हणजे त्याच्या भाषेत उत्तर देऊ शकणारी माणसं. शुक्लाजी स्ट्रीटवरच्या हॉटेलातली विमला ही खरं तर सगळ्या शोधाची सुरुवात. झेवियर आजारी होता हे तिनेच कळवलं. तिच्या वाट्याला सुरुवातीचा एक प्रसंग येतो आणि प्रवासी पुढे निघून जातो. तिचं पुढे काय झालं, याचा विचार मी चित्रपट संपल्यावर बराच वेळ करत राहिलो. एवढ्या संवेदनशील कलाकृतीतही कोणाला किती वेळ द्यायचा हे जुन्याच हिशोबाने ठरलं, याचं मला दुःख आहे.

म्हणून माझं आजचं म्हणणं मांडतो. परदेशी माणसाच्या प्रवासाचा चित्रपट किती ठिकाणं दाखवतो, किती सुंदर दाखवतो, किती खरं दाखवतो, या कसोट्या मला अपुऱ्या वाटतात. वाटेत भेटलेल्या माणसाला त्याने किती वेळ दिला, हे मोजा. ज्याच्याकडून प्रवाशाला काही मिळणार नाही, त्यालाही बोलू दिलं का? उत्तर देताना अडखळू दिलं का? संथपणा म्हणजे लांबलचक दृश्यं, धुकं आणि सूर्यास्त अशी समजूत आहे. धुकं यंत्रानेही काढता येतं. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं, हा संथपणा दिग्दर्शकाला स्वभावातूनच आणावा लागतो.

लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाला हे कळलं होतं. १९६८ मध्ये त्यांनी भारतात महिनोन्‌महिने फिरून सात भागांची माहितीपटमाला केली. पहिल्याच भागात गावोगावची माणसं कॅमेऱ्यात रोखून बघतात. बहुतेक दिग्दर्शक अशी दृश्यं कापून टाकतात. माल यांनी ती ठेवली, आणि आम्ही इथे बिनबोलावता आलेली माणसं आहोत हे निवेदनात मान्य केलं. बीबीसीने ही मालिका दाखवल्यावर आपलं सरकार इतकं चिडलं की १९७० मध्ये बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालय बंद करायला लावलं. देशाची गरिबीच दाखवली, असा आक्षेप होता. त्या आक्षेपात तथ्य अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण माल यांच्या चित्रपटात बघणाऱ्या डोळ्यांना जागा होती, आणि त्या काळच्या आपल्याच सरकारी वार्तापटांत ती क्वचितच असायची.

मराठीत या वाटेवर उमेश विनायक कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी या जोडीचा २०१५ मधला 'हायवे' आहे. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या वेगवेगळ्या गाड्या, वेगवेगळी माणसं, आणि द्रुतगती मार्गावर सगळ्यांना अडकवणारी कोंडी. गाड्या थांबल्यावरच माणसं एकमेकांकडे बघतात. मला तो चित्रपट पिंपरी-चिंचवडकरांचा वाटतो, कारण द्रुतगती मार्गाचं पुण्याकडचं टोक किवळ्याला, आपल्या उंबऱ्याशी येतं. वेगासाठी बांधलेल्या रस्त्यावर थांबण्याची गोष्ट सांगायला धैर्य लागतं. प्रेक्षकांनी त्याला आणखी दाद द्यायला हवी होती.

आणि आता आपला रस्ता. चाकणला २००९ पासून जर्मन गाड्यांचा मोठा कारखाना चालतो, आसपास जपानी, कोरियन, युरोपियन कंपन्या आहेत. त्यांचे अभियंते इथे येतात, काही महिने राहतात. विमानतळ, हॉटेल, कारखाना, हॉटेल. काचा वर केलेल्या गाडीतून ते तोच रस्ता रोज पाहतात, ज्याच्या टोकाला निकितिनने दोन महिने चिखलात काढले. त्यांच्या गाडीच्या चालकाला वर्षानुवर्षं परदेशी माणसं मागच्या सीटवर बसवून नेण्याचा अनुभव आहे. त्याला विचारलंत तर कोण गप्प बसतं, कोण फोनवर रडतं, कोण पहिल्याच दिवशी रस्त्याकडेला गाडी थांबवून चहा मागतं, हे तो सांगेल. माझ्या मते आपल्या पट्ट्यातला रस्त्याचा चित्रपट मागच्या सीटवरून सुरू होऊ नये, तो स्टिअरिंगमागून सुरू व्हावा. चालकाचं घर रहाटणीत भाड्याच्या खोलीत असू दे, मूळ गाव बीडकडे किंवा धाराशिवकडे असू दे. एका पावसाळी दिवशी कारखान्याला सुट्टी आहे, पाहुण्याला कुठेतरी जायचं आहे, आणि चालक त्याला जुन्नरला नेतो. एवढं पुरे. शिवनेरीच्या पायथ्याशी दोघे पाऊस थांबायची वाट बघत चहाच्या टपरीत बसतात आणि टपरीवाल्या मावशी पाहुण्याला विचारतात की तुमच्याकडे पेरण्या कधी असतात. त्या प्रश्नाचं उत्तर देता देता त्याला आपल्या आजोबांचं शेत आठवू दे, आणि चालकाला ते भाषांतर करून सांगताना स्वतःची विकलेली जमीन. दहा मिनिटांचा प्रसंग, एकही कट नाही.

हे करू शकणारी मुलं या शहरात आहेत. हातात चांगला कॅमेरा असलेला फोन आहे, संकलन शिकवणाऱ्या संस्था पुण्यात आहेत, विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जिथे १९६४ पासून जगभरचे चित्रपट जपले जातात. चित्रपट संस्थाही तिथून जवळच. फार तर तासाभराचा प्रवास. कमी आहे ती एकच गोष्ट, असे चित्रपट एकत्र बसून पाहण्याची आणि त्यांच्यावर बोलण्याची सवय. ती घरातल्या पडद्यावर लागत नाही, कारण तिथे कंटाळा आला की बोट पुढे सरकतं. सभागृहात शेजारचा माणूस बसून राहतो म्हणून आपणही बसतो.

म्हणून संयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी व्याख्यानं जरा कमी ठेवा आणि याच सभागृहात तीन चित्रपट दाखवा. 'परदेसी', 'नोक्तुर्न अँदियाँ' आणि 'हायवे'. फ्रेंच चित्रपटाआधी कुणीतरी दहा मिनिटं मराठीत गोष्ट सांगा, म्हणजे खालची इंग्रजी अक्षरं वाचायला अडचण असलेल्या मंडळींचीही सोय होईल. चित्रपटानंतर निदान अर्धा तास बोलायला ठेवा, आणि पहिला माईक गाड्या चालवणाऱ्यांच्या हाती द्या. दिवस शनिवार-रविवार नको. भोसरी आणि पिंपरीच्या औद्योगिक वसाहतीला आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी ठेवा. मी येईन, प्रास्ताविक करायला सांगितलंत तर तेही करीन.